तारेने बांधलेला जबडा: घरी आल्यापासून तारा सुटेपर्यंत

जबडा बांधून कुणी घरी आलं की घरात पहिला प्रश्न उठतो, "आता हिला खायला काय द्यायचं?" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न हा की तार कापायची पक्कड कुठे ठेवली आहे आणि ती घरात कुणाकुणाला चालवता येते.

गेल्या पावसाळ्यात ठाण्यात घोडबंदर रोडला पाण्याने भरलेल्या खड्ड्यात माझी स्कूटी गेली आणि मी हनुवटीवर आपटले. डोक्यावर हेल्मेट होतं, पण अर्धं, टोपीसारखं. डोकं वाचलं, हनुवटी उघडीच होती. हनुवटीवर मार बसला की त्याचा धक्का वर कानापर्यंत जातो, त्यामुळे हाड दोन ठिकाणी मोडलं होतं: एक समोर, एक उजव्या कानापाशी. समोर टायटॅनियमची छोटी प्लेट आणि स्क्रू बसले. कानापाशी चीर देऊन उघडलं नाही, म्हणून वरचे आणि खालचे दात एकमेकांना बांधले. तीन आठवडे तारा, पुढे तीन आठवडे रबर. त्या सहा आठवड्यांत आई, नवरा आणि मी जे शिकलो ते इथे लिहिते आहे. तुमच्या सर्जनचं सांगणं याहून वेगळं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमचा एक्स-रे त्यांनी पाहिला आहे.

बांधतात का, हे कळलं की त्रास जरा सोसवतो. हात मोडला तर प्लास्टर घालता येतं, जबड्याला ते घालता येत नाही. म्हणून वरच्या जबड्याचाच आधार खालच्याला देतात. दोन्हीकडच्या दातांवर धातूची दातेरी पट्टी बसते, तिला आर्च बार म्हणतात, आणि त्या दोन पट्ट्या उभ्या तारांनी किंवा रबरांनी जखडतात. दात नेमके बसले की हाडही नेमकं बसतं. हाड धरायला साधारण सहा आठवडे लागतात. त्यातले किती दिवस तोंड पूर्ण बंद ठेवायचं हे हाड कुठे मोडलंय आणि प्लेट टाकली आहे का यावर ठरतं. कानापाशी मोडलं असेल तर डॉक्टर लवकर मोकळं करतात, कारण तो सांधा जास्त दिवस बांधून ठेवला तर आखडतो. जबडा पुढेमागे करण्याचं ऑपरेशन असेल तर आता प्लेटांमुळे बहुतेक वेळा रबरांवरच भागतं.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी

डॉक्टर राउंडला आले की आरसा मागा. वरून खाली जाणाऱ्या उभ्या तारा कुठल्या, त्या किती, आणि वेळ आली तर नेमक्या कुठे कापायच्या, हे बोट ठेवून दाखवायला सांगा. पट्टी दातांना धरून ठेवणाऱ्या बारीक आडव्या तारा कापायच्या नसतात. फक्त वरचा आणि खालचा जबडा जोडणाऱ्या तेवढ्या कापायच्या. माझ्या चार होत्या, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. नवऱ्याने फोनवर फोटो काढला, त्यावर त्या चार तारांवर लाल खुणा केल्या आणि तो फोटो प्रिंट करून पलंगाशेजारच्या भिंतीला चिकटवला.

पक्कड चांगली धारेची, टोकाशी निमुळती हवी. ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिथूनच बारीक स्टीलची तारही हातभर आणा आणि घरातल्या दोघांनी ती दोन-चार वेळा कापून बघा. आमच्या आईला पहिल्यांदा जमलंच नाही. पकडीच्या टोकाने तार नुसती वाकली. मग तार टोकात न धरता आत, सांध्याजवळ धरून कापायची हे तिच्या लक्षात आलं. हा सराव घरी, शांतपणे झाला म्हणून बरं. रबर असतील तर पक्कड लागत नाही, टोकाशी गोल असलेली छोटी कात्री पुरते. दिवसा पक्कड किंवा कात्री माझ्या गळ्यातल्या पिशवीत असे, रात्री उशीजवळ. बाथरूमला जातानासुद्धा बरोबर.

डिस्चार्जच्या कागदावरची औषधंही तिथेच वाचून घ्या. गोळ्या गिळता येणार नाहीत, म्हणून जे जे सिरपमध्ये किंवा पाण्यात विरघळणाऱ्या गोळीत मिळतं ते तसं लिहून मागा. घरी येऊन गोळी कुटून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सगळ्या गोळ्यांना चालत नाही. ॲसिडिटीच्या बऱ्याच गोळ्यांना वरून आवरण असतं आणि डायबेटिसच्या, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात. त्या कुटल्या की एकतर काम करत नाहीत किंवा सगळं औषध एकदम अंगात उतरतं. आधीपासून कुठली गोळी चालू असेल तर ती आवर्जून दाखवा. उलटी होऊ नये म्हणून औषध दिलं आहे का, हेही विचारा.

पहिल्या तीन रात्री

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. घरी आल्यावर चेहरा आदल्या दिवसापेक्षा मोठा दिसला तर घाबरू नका. पहिले दोन दिवस बर्फाची पिशवी रुमालात गुंडाळून वीस मिनिटं लावायची, वीस मिनिटं काढायची. ओठ आणि हनुवटी बधिर असली तर बर्फ कधी चटका देतो ते कळत नाही, म्हणून वेळ घड्याळावर मोजा. त्यानंतर डॉक्टर सांगतील तसा शेक.

झोपताना पाठीमागे तीन उशा, डोकं छातीपेक्षा चांगलं वर. सपाट झोपलं की सूज वाढते आणि लाळ घशात जाते. मी पहिला आठवडा हॉलमधल्या आरामखुर्चीतच झोपले.

पहिल्या रात्री जीव घुसमटल्यासारखा होतो. नाक मोकळं असतं, हवा आत जात असते, तरी तोंड उघडत नाही या जाणिवेनेच छाती धडधडते. अशा वेळी उठून बसा, दिवा लावा, कुणाचा तरी हात धरा आणि ओठ विलग करून श्वास घ्या. दातांच्या फटींतून आणि दाढांच्या मागून हवा येते, ती जिभेला गार लागते. ती गार हवा लागली आणि माझी भीती ओसरली. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे साधे ड्रॉप्स उपयोगी पडतात. वरच्या जबड्याचं ऑपरेशन असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आली तर नाक दाबायचं नाही.

आता उलटीचं. तिसऱ्या रात्री मला झाली, म्हणून हे अनुभवाने सांगते. मळमळ वाटताक्षणी बसा, पुढे वाका, तोंड जमिनीकडे. बोटांनी दोन्ही गाल बाहेर ओढा. पोटात फक्त पातळच असतं, त्यामुळे ते दातांमधून, गालांच्या कडेने, थोडं नाकातून बाहेर पडतं. गिळायचा प्रयत्न करू नका, येऊ द्या. उताणं तर अजिबात पडायचं नाही. सगळं होऊन गेल्यावर सिरिंजने कोमट पाणी मारून तोंड धुवा. आई पक्कड हातात घेऊन समोर उभी होती, पण ती वापरावी लागली नाही. बहुतेकांना लागत नाही.

ती वापरायची वेळ एकच: श्वास अडकला आहे, माणूस निळा पडतो आहे, पुढे वाकूनही मोकळं होत नाही. तेव्हा विचार करत थांबू नका. खुणेच्या सगळ्या उभ्या तारा कापा, तोंड उघडा, साफ करा, त्याच वेळी दुसऱ्याने १०८ला फोन लावायचा. कापलेले तुकडे मोजून बाजूला ठेवा, एखादा घशात गेला नाही ना हे डॉक्टरांना बघावं लागतं. तारा पुन्हा बांधता येतात, त्यामुळे "ऑपरेशन फुकट जाईल" या भीतीने हात आखडू नका.

पोटात काय आणि किती जातंय

मुख्य लढाई इथे आहे. दुखणं औषधाने आटोक्यात राहतं. भूक मात्र सहा आठवडे रोज सकाळी समोर येऊन बसते.

आपल्या घरांत आजाऱ्याला पातळ द्यायचं म्हणजे डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज, शहाळं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. मायेने आणतात, आणि पाणी पोटात जायला ते चांगलंही आहे, पण त्यात हाड सांधायला लागणारं फारसं काही नाही. डाळीच्या वरच्या पाण्यात चव उतरते, प्रथिनं खाली डाळीतच राहतात. चिकनचं सूपही तसंच: नुसतं पाणी गाळून दिलं तर बळ भांड्यातच राहिलं. डाळ असो की चिकन, ते स्वतः वाटलं गेलं पाहिजे आणि मग गाळलं गेलं पाहिजे. दर किलो वजनामागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिनं जायला हवीत. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

पातळ किती, याचं आईने एक माप शोधलं. वाटलेलं मिश्रण स्टीलच्या बारीक गाळणीत ओतायचं. चमच्याने न दाबता आपोआप खाली उतरलं तर पास. दाबावं लागलं तर अजून पाणी, अजून एक फेरा मिक्सरचा. शेवटी मलमलच्या फडक्यातून. फडकं कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळू नका. दुसऱ्या आठवड्यात घाईत गाळणीवरच भागवलं आणि फोडणीतली एक मोहरी डावीकडच्या तारेमागे जाऊन बसली. जिभेला लागत होती, निघत नव्हती. आरसा, टॉर्च, सिरिंज घेऊन आम्ही तिघं अर्धा तास त्या एका मोहरीमागे होतो. तेव्हापासून फोडणी तुपात करून ते तूप गाळूनच घालायचं ठरलं. तीळ, खसखस, टोमॅटोच्या आणि अंजिराच्या बिया, आंब्याच्या शिरा, सगळ्यांना हाच नियम.

आमच्याकडे रोज शिजायचं ते मुगाचं कढण. अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, हळद, हिंग, आल्याचा तुकडा, पाच-सहा शिट्ट्या. गार झालं की मिक्सर, गाळणी, फडकं, वर दोन चमचे जिऱ्याचं गाळलेलं तूप. तिखट पहिले दोन आठवडे नको, टाक्यांना झोंबतं. याच रीतीने लाल भोपळा, दुधी, पालक, गाजर डाळीबरोबर शिजवता येतात. कुळथाचं कढण पातळ केलं की फार छान लागतं.

दूध हा दुसरा आधार. एक लिटर मलईच्या दुधात सात-आठ मोठे चमचे दूध पावडर मिसळून ठेवली की त्याच पेल्यातून पुष्कळ जास्त प्रथिनं मिळतात. माणूस एका वेळी पेलाभरच पिऊ शकतो, म्हणून पेल्याचं बळ वाढवायचं. त्या दुधात नाचणीचं सत्त्व शिजवा, भिजवून वाटलेले खजूर-बदाम गाळून घाला, किंवा सातूचं पीठ कालवा. दूध पचत नसेल तर दही घुसळून घट्टसर ताक. अंडं चालत असेल तर उकडून, कढणात वाटून. कच्चं अंडं देऊ नका.

तीन जेवणांत हे जमत नाही. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी थोडं थोडं, असे सात-आठ फेरे करा. आईने एका वहीत वेळ, पदार्थ आणि पेले लिहायला सुरुवात केली. मी "आता नको" म्हटलं की ती वही पुढे करायची: "हे बघ बाळा, सकाळपासून अडीचच पेले झालेत." वहीत लिहिलेलं नसतं तर खाल्लं तेवढं पुरे असंच मला वाटलं असतं. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी वजन करा. पहिल्या दोन आठवड्यांत काही किलो उतरतंच. माझं साडेतीन उतरलं. त्यानंतरही उतरतच राहिलं तर आहारतज्ज्ञाकडे जायचं.

भरवायची रीत अशी. पन्नास मिलीची सिरिंज घ्या, तिच्या तोंडाला चार बोटं मऊ रबरी नळी लावा. ताठ बसा. नळी गालाच्या आत, दातांच्या बाहेरून मागे सरकवा. शेवटच्या दाढेमागे जागा असते, तिथून पातळ आपोआप आत उतरतं. एका वेळी एखादा चमचाभरच सोडा, गिळा, श्वास घ्या, मग पुढचं. पहिले काही दिवस दुसऱ्याने भरवलं तर त्याने गिळल्याची खूण झाल्याशिवाय पुढे ढकलायचं नाही. स्ट्रॉ लावायची घाई नको. ओढण्याच्या जोराने टाके ताणले जातात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. आठवड्याभराने मला सॉसच्या निमुळत्या तोंडाची नवी बाटली सोयीची पडली. बधिर ओठांना गरम कळत नाही, म्हणून प्रत्येक पेला आधी मनगटावर थेंब टाकून बघा.

पावसाळ्याच्या दमटपणात वाटलेलं अन्न लवकर बिघडतं. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. फ्रीजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. वीज गेली की मिक्सर बंद, म्हणून सकाळीच दोन फेऱ्यांचं वाटून ठेवा. पातळाने पोट जड होतं, शौचाला त्रास होतो. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका वाटून गाळून सकाळी घेतल्या की मला बरं वाटे.

तोंड साफ ठेवणं

प्रत्येक फेरीनंतर. होय, सात-आठही वेळा. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ, सिरिंजने गालाच्या आत चारी बाजूंना मारायचं आणि बेसिनवर वाकून सोडून द्यायचं. ब्रश लहान मुलांचा, मऊ, छोट्या डोक्याचा. दातांच्या बाहेरच्या बाजूने, पट्टीच्या वरखाली हलकेच फिरवा. आतल्या बाजूला ब्रश जात नाही, तिथे जीभच फिरवत राहायची. क्लोरहेक्झिडिनचं माउथवॉश दिलं असेल तर ते टूथपेस्टनंतर लगेच वापरू नका, अर्धा तास जाऊ द्या. त्याने दात थोडे तपकिरी होतात, पुढे साफ करून मिळतात.

तारेचं टोक गालाला टोचत असेल तर ब्रेसेसना लावायचं मेण मिळतं, त्याची गोळी करून दाबा. ओठ सतत फाटतात. ब्रश करण्याआधी आणि झोपण्याआधी व्हॅसलीन. तंबाखू, मिश्री, सिगारेट पूर्ण बंद, जखम भरत नाही. दारूही बंद, तिच्यामागून उलटी येते.

घराबाहेर

बोलता येतं, दात मिटूनच. पहिले चार दिवस सुजेमुळे अगदीच अस्पष्ट, मी पाटी वापरली. पुढे फक्त "आ" त्रास देतो, त्याला तोंड उघडावं लागतं. मी "आई" म्हटलं की "एई" ऐकू यायचं. आई त्यालाही ओ द्यायची.

दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारायला लागले. चालणं चांगलं, पळणं आणि वजन उचलणं नको. माझं ऑफिस ऐरोलीला आहे. ठाण्याहून सकाळची गाडी म्हणजे गर्दीत कुणाचं तरी कोपर जबड्याला लागणारच, म्हणून तारा असेपर्यंत घरूनच काम मागून घेतलं. घरून काम करणं शक्य नसेल तर गर्दीची वेळ टाळा. रिक्षात मधे बसा. दुचाकी नको, मागे बसूनही नको. पर्समध्ये एक कार्ड ठेवा: "माझा जबडा तारेने बांधलेला आहे. उलटी झाली किंवा चक्कर आली तर मला पुढे वाकवा, उताणं झोपवू नका. तार कापायची पक्कड पर्सच्या पुढच्या कप्प्यात आहे." खाली घरच्यांचा नंबर.

तार सैल झाली, तुटली, कमी होत आलेली सूज पुन्हा वाढली, ताप, पू, अचानक आलेली घाण चव, थांबत नसलेलं रक्त, यांतलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. खालचा ओठ बधिर राहणं मात्र नेहमीचं आहे. जबड्यातून जाणारी नस दुखावलेली असते, ती महिनोन्‌महिने घेते. माझ्या हनुवटीवर अजून रुपयाएवढी जागा मुकी आहे.

तारा सुटल्यावर

तारा ओपीडीतच काढतात, थोडा वेळ लागतो. आर्च बार निघेल त्या दिवशी हिरड्यांत बधिरतेचं इंजेक्शन देतात. तोंड लगेच उघडेल ही अपेक्षा ठेवू नका. माझं एक बोटही धड शिरलं नाही. स्नायू आखडलेले असतात, हाड पुन्हा मोडलेलं नसतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा व्यायाम करा. पुढच्या दातांत मावतील तेवढ्या काड्या एकावर एक ठेवून अर्धा मिनिट धरायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ नाही. आरशासमोर करा, हनुवटी एका बाजूला सरकते का ते दिसतं. आपली तीन बोटं उभी मावली की उघडणं नेहमीचं झालं. मला त्याला सात आठवडे लागले.

खाणंही तसंच पायरीपायरीने. आधी खिमट, मग मऊ भात-वरण, दुधात भिजलेली इडली, उपमा. पोळी दुधात कुस्करून. भाकरी, चिवडा, चकली, ऊस यांना हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा, हाड वरून बरं दिसलं तरी चावण्याचा जोर वेगळाच असतो. आणि रबर असेपर्यंत ती छोटी कात्री गळ्यातल्या पिशवीतून काढू नका. रोज सकाळी दात मिटून बघा: वरचे-खालचे पूर्वीसारखे एकमेकांत बसतात का? एका बाजूला आधी टेकायला लागले असतील तर त्याच दिवशी फोन करा.